कळवायचं राहिलं

मंगळवारी सकाळी अत्तार सर गेले. त्यांच्या मुलाचा फोन आला. दुपारच्या नमाजानंतर दफन झालं. मी गेलो होतो. माती दिली आणि घरी आलो. त्यांच्याकडून मला एक निकाल कळायचा होता, तो कळायचा राहिला.

निकाल मुलाखतीचा होता. मी साठीच्या जवळ आलेला माणूस आहे. या वयात मुलाखत देणारा माणूस एक तर फार मोठा असतो, नाही तर माझ्यासारखा असतो. मोठ्या माणसाला प्रश्न विचारणारे त्याच्या घरी येतात. मी प्रश्न विचारणाऱ्यांकडे जात आलो आहे. आयुष्यात मी इतक्या मुलाखती दिल्या आहेत की त्या विषयात एखाद्या विद्यापीठाने मला पदवी द्यायला हरकत नव्हती. अर्थात ती पदवी घेऊनही मला नोकरी लागली नसतीच.

कसबा पेठेत आमच्या वाचनालयाच्या मागच्या अंगाला एक खोली आहे. पूर्वी तिथे फाटकी मासिकं आणि मोडक्या खुर्च्या टाकत. अत्तार सरांनी निवृत्त झाल्यावर समितीकडून ती खोली मागून घेतली, स्वतः झाडली आणि दारावर स्वतःच्या अक्षरात पाटी लावली : ‘येथे नोकरी मिळत नाही. मागावी कशी, ते सांगतात. रविवारी सकाळी. पैसे पडत नाहीत. उशीर झालेल्यांनी पुढच्या रविवारी यावे.’

बशीर अत्तार हे त्यांचं पूर्ण नाव. घराणं पेठेतलंच, पिढ्यान्‌पिढ्यांचं. थोरल्या भावाचं अत्तर-अगरबत्तीचं दुकान होतं. सर मात्र शिकून हडपसरकडच्या एका कारखान्यात माणसं नेमण्याच्या खात्यात लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. अंगाने किरकोळ, नेहमी पांढरा अर्ध्या बाह्यांचा सदरा, खिशाला दोन पेनं. एक लिहायचं आणि एक मागणाऱ्याला द्यायचं. मागणारा ते परत करतो का, याच्याकडे त्यांचं बारीक लक्ष असे. अगदी कॉलेजातल्या पोरालाही ते अहो-जाहो करत. पण त्या अहो-जाहोने पोराच्या अंगावर काटा का येतो, हे ऐकणाऱ्याला लगेच कळे.

मुलाखतीच्या सरावाला येणाऱ्यांपैकी कुणी भपकन सेंट मारून आला की सर त्याला खिडकीपाशी बसवत. म्हणत, “आडनाव अत्तार असून सांगतो, मुलाखतीला अत्तर लावत जाऊ नका. साहेबाला तुमचं उत्तर आठवायला हवं, वास नाही.” खरी गंमत म्हणजे सरांना जुन्या सर्दीमुळे वास येतच नसे. समोरच्याच्या शेजारी बसलेल्याचं नाक बघून ते ओळखत.

मी त्यांना पहिल्यांदा भेटलो तो वाचनालयातच. अर्धमागधी घेऊन एम. ए. झालो होतो. शाळेत तो विषय मार्क देतो म्हणून घेतला होता, पुढे त्याचा लळा लागला आणि एम. ए. होईपर्यंत तो मला काय देतो हे विचारायचं राहून गेलं. रोज सकाळी वाचनालयात जाऊन मी वर्तमानपत्रातल्या नोकरीच्या जाहिराती वाचायचो. सगळ्या वाचायचो. जहाजावरच्या इंजिनिअरच्यासुद्धा. एक दिवस शेजारून आवाज आला.

“जाहिराती वाचताय की पारायण करताय?”

मी म्हणालो, “वाचतोय.”

“मग एखादी कापून का घेत नाही?”

“वाचनालयाचा पेपर आहे.”

“हां,” सर म्हणाले, “म्हणजे प्रामाणिक आहात. हे एक वजा झालं. सध्या काय करता?”

“मुद्रितं तपासतो. शाळेच्या पुस्तकांची. प्रेसवाला घरी आणून देतो.”

“ते काम झालं. नोकरी नव्हे.”

मला राग आला. पण माझा राग बाहेरून दिसत नाही, ही माझी जुनीच अडचण आहे. मी विचारलं, “फरक काय आहे त्यात?”

“एक दिवस तुम्ही काम केलं नाहीत तर तो प्रेसवाला विचारतो का, आज का आला नाहीत म्हणून?”

मी विचार केला. प्रेसवाला माझ्याकडे यायचा. मी आजारी असलो तर गठ्ठा दुसऱ्याकडे न्यायचा. माझी चौकशी त्याने कधी केली नव्हती. “नाही,” मी म्हणालो.

“आपण ज्या जागी गेलो नाही तर कुणी तरी विचारतं, ती नोकरी. पगार नंतर. रविवारी मागच्या खोलीत या.”

घरी येऊन मी ही व्याख्या बायकोला सांगितली. मंगल तेव्हा नुकतीच शाळेत शिक्षिका म्हणून कायम झाली होती आणि घर तिच्या पगारावर चालत होतं. ती म्हणाली, “मग मला दोन नोकऱ्या आहेत म्हणायच्या. एक दिवस मंडईत गेले नाही तर तुम्ही विचारताच की.”

रविवारी गेलो. खोलीत एक लांब टेबल. पलीकडे तीन खुर्च्या, अलीकडे एक. भिंतीवर हिरव्या कापडाचा फळा आणि त्यावर आठवड्याभराच्या जाहिरातींची कात्रणं. बँकेच्या वेगळ्या, सरकारी वेगळ्या, खाजगी वेगळ्या. ज्या जाहिरातीत आधी अनामत मागितलेली असे, तीही सर लावत, पण तिच्यावर लाल पेन्सिलीने फुली मारून. “फुली बघायचीही सवय हवी,” म्हणत. एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजचं कार्ड कुणाचं कधी संपतंय हे त्यांना तोंडपाठ असे आणि भर रस्त्यात ओरडून ते त्याची आठवण करून देत. एका खिळ्यावर एक मरून रंगाचा टाय लटकत असे. गाठ मारलेलाच. गाठ कुणालाच मारता येत नसे म्हणून सरांनी ती एकदाच मारून ठेवली होती. तो टाय पुण्यातल्या बहुतेक कचेऱ्या बघून आला होता. ज्याची मुलाखत असेल त्याने न्यायचा, दुसऱ्या दिवशी आणून खिळ्याला लावायचा. त्या टायमधली निम्मी नशिबं माझी आहेत, म्हणजे ती न उघडलेली निम्मी.

खोलीचं दार जुनं होतं. ते चौकटीत अडके. खांदा लावून ढकलल्याशिवाय उघडत नसे आणि उघडलं की उमेदवार आपोआप दोन पावलं धडपडत आत येई. सरांचं पहिलं शिक्षण या दाराशीच होई. धडपडत आलेल्या माणसाकडे ते चष्म्यावरून बघत आणि एकच शब्द बोलत : “पुन्हा.” मग बाहेर जायचं, दार लावायचं, ठोठावायचं, नीट आत यायचं. एकेकाला पाच-सहा वेळाही. कुणी तरी एकदा म्हणालं, “सर, दारच दुरुस्त करून घेऊ ना.” सर म्हणाले, “सगळी दारं कोण दुरुस्त करून देणार आहे तुम्हाला?”

शिवाय मागेच तांबटांची आळी. तांब्या-पितळेवर हातोडे पडत असत. त्यांना रविवार नसे. त्या आवाजात उत्तरं द्यावी लागत. “इथे ज्याचं ऐकू येतं त्याचं कुठेही ऐकू येईल,” सर म्हणत. माझं ऐकू येत नसे. मी चार ओळी बोललो की पलीकडून सर कानामागे हात धरून विचारत, “लिमये, हे आम्हाला सांगताय की स्वतःला?”

या खोलीची एक रीत होती आणि तिच्यामुळेच माझी पंचाईत झाली. ज्याला नोकरी लागे तो पेढे घेऊन येई. सर पुडा उघडत नसत. “पेढे घरच्यांना द्या. आम्हाला एक रविवार द्या.” नोकरी लागलेल्याने एका रविवारी येऊन टेबलाच्या पलीकडे बसायचं आणि नव्या मुलांना प्रश्न विचारायचे. कारण ताजा-ताजा आत गेलेल्यालाच आत काय विचारतात ते माहीत. पलीकडे बसायची अट मात्र एकच : नोकरी लागलेली हवी. तिला अपवाद नव्हता.

त्यामुळे टेबलाच्या पलीकडची माणसं बदलत राहिली. अलीकडे मी.

बघता बघता सरांच्या लक्षात आलं की मी एक उपयुक्त वस्तू आहे. नवीन मुलं आली की ते म्हणत, “लिमये, जरा देऊन दाखवा.” मग मी मुलाखत देऊन दाखवत असे. हात कुठे ठेवू नयेत, प्रश्नाचं उत्तर किती लांबवू नये, नजर कुठे नसावी, हे सगळं माझ्यात एकत्र बघायला मिळे. मुलं खूश होत. एक जण जाताना म्हणाला, “काका, तुमच्यामुळे खूप कॉन्फिडन्स आला.” मंगल म्हणाली, “अत्तार सरांना खरं तर आपणच काही तरी द्यायला पाहिजे. दर रविवारी तुम्हाला सांभाळतात.”

मांजरी गावचा संपत आला तो दिवस मला आठवतो. रसायनशास्त्राचा पदवीधर, घरची ऊसशेती, अंगावर इस्त्रीचा पण दुसऱ्याच्या मापाचा शर्ट. पलीकडे त्या दिवशी वैशाली देव होती. बँकेत लागून तिला महिना झाला होता आणि उत्साह नवा होता.

“आपली ओळख करून द्या,” वैशाली म्हणाली.

“मी संपत. मांजरीचा हाय.”

“‘आहे’ म्हणा.”

त्यानंतर संपतला काहीही विचारलं तरी तो “हो” आणि “नाही” एवढंच बोलू लागला. सर बराच वेळ पेनाशी खेळत होते. मग म्हणाले, “वैशालीताई, तुमच्या बँकेत मांजरीच्या माणसाच्या ठेवी चालतात ना?”

“चालतात की सर.”

“मग ‘हाय’पण चालेल.” आणि संपतकडे वळून म्हणाले, “संपतराव, ऊस तोडायला झाला हे तुमच्याकडे कसं बघतात?”

संपतने एकदा वैशालीकडे बघितलं आणि मग म्हणाला, “आमचा आजा कांडं मोडून चाखून सांगायचा. मी रसाचा थेंब यंत्रावर टाकून बघतो. बहुतेक येळा दोघांचं जुळतं, सर.”

“आणि नाही जुळलं तर?”

“तर आजा म्हनतो, तुजं यंत्र बिघडलंय.”

वैशाली आधी हसली. मग संपत हसला आणि पुढे अर्धा तास तो उसाबद्दल असा बोलला की हातोड्यांचा आवाज कुणाला ऐकू आला नाही. निघताना सर त्याला म्हणाले, “आज जसं बोललात तसंच तिथे बोला. शर्ट मात्र स्वतःचा घाला.” त्याला ऊस संशोधनाच्या एका प्रयोगशाळेत नोकरी लागली. पेढे आणले, पुडा उघडला नाही, रविवार घेतला गेला. त्या रविवारी त्याच्यासमोर अलीकडच्या खुर्चीत कोण असावं? मी.

“लिमये सर,” संपतने फार अदबीने विचारलं, “तुम्ही या पदासाठी योग्य का हाय?”

मी उत्तराची सुरुवात प्राकृत भाषांच्या उगमापासून केली. बोलता बोलता मध्येच पाहिलं तर संपत माझ्याकडे, पाटाला पाणी सोडलंय आणि ते भलत्याच वाफ्यात चाललंय अशा नजरेने बघत होता.

तरी एकदा मी अगदी जवळ गेलो होतो. वाघोलीकडे नवीन कॉलेजं उभी राहत होती तेव्हाची गोष्ट. एका कॉलेजात ग्रंथपालाची जागा निघाली. माझं वय बसत होतं, ग्रंथालयशास्त्राचा कोर्सही मी दरम्यान करून ठेवला होता. सर त्या जाहिरातीने माझ्यापेक्षा जास्त उत्तेजित झाले. दोन महिने रोज संध्याकाळी त्यांनी माझ्याकडून तयारी करून घेतली. रोज दार, रोज “पुन्हा”. शेवटी शेवटी मी इतका तयार झालो की माझा खांदा दाराला लागला की पाय आपोआप सावरत.

वाघोलीच्या त्या कॉलेजचं दार काचेचं होतं आणि बोटाने ढकललं तरी उघडणारं होतं. मी सवयीने खांदा लावला. पुढच्या क्षणी मी टेबलापर्यंत पोचलो होतो. मरून टाय खांद्यावरून पाठीमागे गेला होता. समोरच्या तिघांपैकी मधल्या गृहस्थांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

चष्म्यावरून पाहिल्यावर काय करायचं हे माझ्या अंगात मुरलेलं होतं. मी नम्रपणे म्हणालो, “पुन्हा येतो.” वळलो, बाहेर गेलो, दार हळूच लावून घेतलं आणि ठोठावण्यासाठी हात वर केला. तेवढ्यात शिपायाने माझं आटोपलं असं समजून पुढच्या उमेदवाराला आत सोडलं.

मी बराच वेळ बाहेर उभा राहिलो. मला बोलावतील असं वाटत होतं. मग बसने परत आलो.

संध्याकाळी सरांना सगळं सांगितलं. मला वाटलं, रागावतील. त्यांनी विचारलं, “दार लावून बाहेर आलात?”

“हो.”

“हळू?”

“आवाजसुद्धा झाला नाही.”

“मग दार उत्तम लावलंत,” सर म्हणाले आणि एकदम हसायला लागले. इतके हसले की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. पुसता पुसता मात्र ते थांबले. “लिमये, यात चूक माझी आहे,” म्हणाले. “मी तुम्हाला दार शिकवलं. त्याच्या पुढे जाऊच दिलं नाही.” त्या संध्याकाळी चहा त्यांनी मागवला. पुढचे काही रविवार त्यांनी कुणालाही “पुन्हा” म्हटलं नाही. मुलं धडपडत येत होती आणि सर मान खाली घालून कात्रणं लावत होते. शेवटी मीच म्हणालो, “सर, म्हणा की. त्यांचं नुकसान होतंय.”

या गोष्टीनंतर माझं वय सगळ्या जाहिरातींच्या बाहेर गेलं. तरी मी जात राहिलो. सर आणि मी, दोघंही एकमेकांना विचारत नव्हतो की आता कशासाठी.

निवृत्तीनंतर लोक भजनाला लागतात, हजला जातात, नातवंडं सांभाळतात. सरांनी ही खोली का मांडली, हे त्यांनी मला एकदाच सांगितलं. निवृत्त होऊन थोडे दिवस झाले असतील. मंडईच्या बस थांब्यावर एका माणसाने त्यांना नमस्कार केला. पन्नाशीचा, हातात भाजीची पिशवी. म्हणाला, “साहेब, ओळखलंत? तुम्ही माझी मुलाखत घेतली होती. कळवतो म्हणाला होतात.” सरांना आठवेना. तो माणूस हसत होता. त्याचं पुढे बरं चाललं होतं, त्याला काही मागायचंही नव्हतं. बस आली आणि तो गेला. सर म्हणाले, “त्या दिवशी मी घरी चालत गेलो, लिमये. आयुष्यभर मी ‘कळवतो’ म्हणत आलो. ‘नाही’ म्हणायला जीभ जड व्हायची म्हणून. समोरचा माणूस किती दिवस पोस्टमनची वाट बघत असेल, हा विचार मनात आला नाही.”

म्हणून त्या खोलीत निकाल तोंडावर सांगायचा अशी रीत होती. “जमलं.” “नाही जमलं, आणि याच्यामुळे नाही जमलं.” ‘कळवतो’ हा शब्द तिथे कुणी उच्चारायचा नाही.

काळ बदलला. कात्रणांच्या फळ्यावर कात्रणं कमी झाली, कारण जाहिराती पेपरातून उठून मोबाइलमध्ये गेल्या. सर त्यांच्या मागोमाग मोबाइलमध्ये गेले. मुलांकडून शिकून घेतलं. बोट मोठं करून एकेक अक्षर दाबत. टाय मात्र खिळ्यावरच राहिला, आता कुणी नेईना. वाघोलीहून ऋतुजा नावाची एक इंजिनिअर मुलगी येऊ लागली. ती एकदा वैतागून म्हणाली, “सर, इतक्या ठिकाणी अप्लाय केलं, एकाचाही रिप्लाय नाही. सरळ घोस्ट करतात.”

“म्हणजे काय करतात?”

“म्हणजे काहीच कळवत नाहीत. ‘हो’ नाही, ‘नाही’ नाही.”

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “आम्ही निदान तोंडाने खोटं बोलायचो,” ते म्हणाले.

गेल्या वर्षी सरांचं हृदय कुरकुरायला लागलं. वाचनालयाच्या समितीने त्यांना विचारलं, तुमच्यानंतर खोलीची जबाबदारी कोण घेणार? नाव द्या, नाही तर खोली परत मासिकांना लागेल. पुढच्या रविवारी हिरव्या फळ्यावर, बऱ्याच दिवसांनी, हाताने लिहिलेली जाहिरात दिसली : ‘पाहिजे. या खोलीसाठी मार्गदर्शक. मानधन नाही. वयाची अट नाही. मुलाखत याच ठिकाणी.’

मी ती जाहिरात नेहमीसारखी वाचली. म्हणजे दोन-तीनदा, आणि कुणा दुसऱ्यासाठी असल्यासारखी. ऋतुजा शेजारी उभी होती. म्हणाली, “काका, वयाची अट नाही बरं का.”

“पाहिलं मी.”

“मग अर्ज करा की.”

सर खोलीच्या दुसऱ्या टोकाला काही तरी शोधत असल्यासारखं करत होते.

मुलाखतीला एकच उमेदवार होता. पलीकडे मध्ये सर, उजवीकडे वैशाली, आता बँकेतली मोठी अधिकारी, केस पांढरे झालेली. डावीकडे संपत, पोट सुटलेला. मी बाहेर उभा राहून दाराकडे बघितलं. खिळ्यावरून टाय आधीच काढून घातला होता. दार खांद्याने ढकललं, पाय सावरले, आत गेलो. कुणी “पुन्हा” म्हणालं नाही.

“पूर्वीचा अनुभव?” वैशालीने विचारलं.

“या खोलीतला,” मी म्हणालो. “खुर्ची हीच.”

“काम काय असायचं?”

“कसं करू नये ते दाखवायचं.”

वैशालीने मान खाली घातली, पण तिचे खांदे हलत होते. संपत म्हणाला, “लिमये सर, एखादा पोरगा उत्तर देताना लई लांबण लावत असेल, तर तुम्ही काय कराल?”

“त्याला माझं उदाहरण देईन.”

मग सरांनी विचारलं. त्यांचा आवाज पूर्वीसारखा राहिला नव्हता, हातोड्यांमधून मला तो ओढून घ्यावा लागला. “लिमये, या जागेवर किती दिवस राहाल?”

इथे खरं म्हणजे ‘शेवटपर्यंत’ असं काही तरी म्हणायला हवं होतं. तसं उत्तर मी शेकडो मुलांना सुचवलं होतं. पण माझ्या तोंडून निघालं, “दुसरी नोकरी लागेपर्यंत.”

संपत खुर्चीतच वाकून हसायला लागला. वैशालीने रुमाल काढला. सर हसले नाहीत. त्यांनी कागद एकत्र केले, उठले आणि म्हणाले,

“कळवतो.”

खोलीतलं हसणं थांबलं. इतक्या वर्षांत त्या खोलीत हा शब्द कुणी ऐकला नव्हता. मी त्यांच्या मागोमाग बाहेर आलो, पण विचारायची हिंमत झाली नाही. सर काखेत पेपरची गुंडाळी घेऊन तांबटांच्या दुकानांसमोरून सावकाश चालत निघाले होते. एका दुकानापाशी थांबले, घडवत ठेवलेल्या एका घंगाळात वाकून पाहिलं, दुकानदाराशी काही बोलले. मग वळणावर गेले आणि दिसेनासे झाले. त्यांचं मला झालेलं शेवटचं दर्शन ते. मंगळवारी फोन आला.

कबरस्तानातून बाहेर पडताना वैशाली आणि संपत भेटले. मी विचारलं नाही, त्यांनीच सांगितलं. वैशाली म्हणाली, “आम्ही दोघांनी त्या रात्री फोनवर हो म्हटलं होतं. सर म्हणाले, बघू.” संपत म्हणाला, “थट्टाच केली असंल हो तुमची. सवय होती त्यांना.” मला तेव्हा एवढंच वाटलं की ज्या माणसाने इतक्यांना चिकटवलं, त्याला मला चिकटवणं मरेपर्यंत जमलं नाही. हे माझं कर्तृत्व म्हणायला हरकत नाही.

पुढच्या रविवारी मी खोलीकडे गेलो नाही. निकाल लागला नव्हता. ज्या जागेवर आपली नेमणूक झालेली नाही तिथे जाऊन बसणं मला बरं वाटेना. त्याच्या पुढच्या रविवारीही मी घरीच मुद्रितं तपासत बसलो होतो. मंगल फोन घेऊन आली.

“तुमचा आहे. कुणी तरी मुलगी आहे. विचारतेय, का आला नाहीत म्हणून.”

फोनवर ऋतुजा होती. “काका, खोली बंद आहे. आम्ही सगळे बाहेर थांबलोय. मागच्या रविवारीपण थांबलो होतो. बरं आहे ना तुम्हाला?”

“नंबर कुणी दिला?”

“काउंटरवरच्या काकांनी. म्हणाले, किल्ली इथे आहे, पण उघडणारे आले नाहीत. काका, उद्या माझा इंटरव्ह्यू आहे. येताय ना?”

मी शर्ट बदलला. मंगल दारात उभी होती. मी चपला घालत असताना म्हणाली, “मंडईत मी जाते आज.”

काउंटरवरून किल्ली घेतली. दार खांद्याने उघडलं. मुलं आत आली आणि अलीकडच्या बाजूला भिंतीशी उभी राहिली. मी सवयीने अलीकडच्या खुर्चीकडे वळलो. ऋतुजा म्हणाली, “काका, तिथे मी बसणार आहे.” मग मी टेबलाला वळसा घालून पलीकडे गेलो. मधल्या खुर्चीला हात लावला नाही, तिच्या उजवीकडच्या खुर्चीत बसलो. तिथून ती खोली मी कधी पाहिली नव्हती. तिथून दार अगदी समोर दिसतं.

ऋतुजा बाहेर जाऊन आली. दार अडकलं, ती धडपडत दोन पावलं आत आली.

“पुन्हा,” मी म्हणालो.

“काय काका?” मागे हातोडे चालू होते.

“पुन्हा,” मी मोठ्याने म्हणालो. ती बाहेर गेली आणि दार लावून तिने ठोठावलं.

ऋतुजाला ती नोकरी लागली नाही, त्याच्या पुढची लागली. पेढे आणले होते, तिला रविवार मागितला. वाचनालयाच्या समितीला मी माझं नाव लेखी दिलं आहे. त्यांनी कळवतो म्हटलं आहे. तोपर्यंत रविवारी सकाळी खोली उघडी असते. किल्ली काउंटरवर असते. ती मी घेतो.